पायाळू साक्षीदार

मावशी ब्याऐंशी वर्षांच्या होत्या. चाळीस वर्षं त्यांनी सुईणीचं काम केलं. काम सुटून बराच काळ लोटला तरी दर रविवारी सकाळी चष्मा लावून त्या आधी नखं कापत, मगच चहाला हात लावत.

ही शिस्त बाईंची. बाई म्हणजे गावातल्या दवाखान्याच्या डॉक्टरसाहेबांच्या पत्नी. ऐन विशीत, पदरात मूल असताना मावशींचा नवरा गेला आणि त्या दवाखान्यातल्या चादरी धुवायला आल्या. बाईंनी त्यांना धुण्यावरून उठवलं आणि दाईंच्या वर्गात बसवलं. सासरचे भडकले. तेव्हा बाई स्वतः घरी आल्या आणि सासूला म्हणाल्या, "तुम्ही तिला किती दिवस पुरणार? तिच्या पायावर तिला उभं राहू द्या."

वर्गाच्या दारातच बाई उभ्या असत. हात पुढे करायचे, नखं दाखवायची, मगच आत. पहिल्या दिवशी मावशींना दारातूनच परत पाठवलं होतं. ते आठवलं की त्या म्हातारपणीही ओशाळत.

एके दिवशी दवाखान्याच्या सभागृहात डॉक्टर आणि बाई दोघांच्या तसबिरी लागायच्या होत्या. कार्यक्रम संध्याकाळी होता, पण मावशींना कुठला धीर! त्या सकाळीच जाऊन उभ्या राहिल्या. डॉक्टरांच्या तसबिरीखाली पाटी होती : 'दाईंच्या शिक्षणाचे जनक'. बाईंच्या खाली : 'डॉक्टरसाहेबांच्या सुविद्य पत्नी'.

मावशी तडक दवाखाना समितीच्या अध्यक्षांच्या खोलीत शिरल्या.

"काय रे, एवढ्या बायका घडवल्या, आणि बाई नुसत्या पत्नी?"

"मावशी, बसा आधी. शिकवायचे डॉक्टर. बाई मदत करायच्या. सगळ्या कागदांवर तसंच आहे. तुमच्याकडे काही पुरावा?"

"आहे की! माझ्यासमोर खुर्चीत बसलाय. तू पायाळू ना?"

अध्यक्ष हसले. "म्हणून तर डॉक्टरांचे उपकार. त्यांनीच मला सुखरूप काढलं. आई जन्मभर त्यांचं नाव घ्यायची."

"डॉक्टर त्या दिवशी गावातच नव्हते."

अध्यक्षांचं हसू मावळलं.

"तुझे पाय आधी आले आणि मी घाईने ओढायला गेले. बाई खांद्याशी उभ्या. 'ओढू नकोस. थांब. हं, आता.' त्या सांगत गेल्या, मी करत गेले. तुझी आई कुठली शुद्धीवर! नंतर बाई म्हणाल्या, 'सगळ्यांना डॉक्टरांचं नाव सांग. असल्या अवघड कामात बायकांनी हात घातला हे कळलं, तर लोक वर्गाला कुलूप लावतील.'"

"आणि तुम्ही एवढी वर्षं गप्प?"

"शब्द दिला होता. डॉक्टर देवमाणूस, वर्गाला जागा त्यांनीच दिली; शिकवायच्या मात्र बाई. मी चादरी धूत मेले नाही, ते बाईंमुळेच. आता कुलपाची भीती नाही, म्हणून शब्द मोडतेय."

अध्यक्षांनी एकदा आपल्या पायांकडे पाहिलं. मग त्यांनी पेंटरला फोन लावला.

संध्याकाळी रंग पुरता वाळलाही नव्हता. डॉक्टर 'जनक'चे 'आधारस्तंभ' झाले होते. बाईंच्या खाली लिहिलं होतं : 'दाईंच्या पहिल्या शिक्षिका'. अध्यक्षांनी भाषणाची सुरुवातच केली, "मी बाईंचा पायाळू." सभागृहात हशा पिकला. मावशींचे डोळे मात्र भरून आले.

गर्दी पांगल्यावर त्या तसबिरीपुढे गेल्या आणि दोन्ही हात पुढे धरून उभ्या राहिल्या.

"अहो सासूबाई, हे काय करताय?" सोबत आलेली सून म्हणाली.

"नखं दाखवतेय. नाहीतर परत पाठवतील!"