‘वाहन चालविण्यास योग्य’

माझे पूर्ण नाव दत्तात्रय रंगनाथ पिंपळे. वय एक्क्याऐंशी. शाळा सातवीत सुटली; पुढचे शिक्षण वाचनालयात झाले. शहागंजातील एका दवाखान्यात मी सव्वीस वर्षे कारकून होतो. आमचे डॉक्टरसाहेब वाहनचालकांना शारीरिक योग्यतेचे दाखले देत असत. चालकाने मालक बदलला की नवा मालक प्रथम हा दाखला मागे. दुष्काळाची वर्षे होती आणि शहर तर चहूकडे वाढत होते. पाण्याचे टँकर, कंपन्यांच्या बसगाड्या, शाळांच्या गाड्या, सर्वांनाच चालक हवे होते. त्यामुळे आमचे बाकडे कधी रिकामे राहिले नाही. जुन्या फाइली पुढे रद्दीत गेल्या. किस्से मात्र न्यायला कोणी आले नाही, ते माझ्यापाशीच साचत गेले.

एवढे ध्यानात असावे, की समोर बसलेल्या माणसाची जुनी नोकरी सुटलेली असे आणि नवी आमच्या एका सहीवर अडलेली असे.

*

फॉर्म भरण्याचे काम माझे. त्यात एक रकाना होता : पूर्वीची नोकरी सोडण्याचे कारण.

देवगाव रंगारीच्या एका चालकाला मी विचारले, "काय लिहू?"

"मालकानं ट्रक विकला."

"म्हणजे तुम्हाला कामावरून कमी केले?"

"नाय हो. ट्रक विकला तव्हा मी स्टेअरिंगवरच बसेल होतो. घेणारा म्हणला, उतर!"

मी लिहिले, ‘वाहनाचे हस्तांतरण’. त्याने ते मला दोनदा वाचून दाखवायला लावले. मग म्हणाला,

"दोन शब्दांत चौदा वर्षं बसली व्हय!"

*

टँकरवाल्यांचा रक्तदाब उन्हाळ्यात हमखास चढलेला असे. असाच एक जण बसवर नोकरी धरण्यासाठी आला. आकडा पाहून डॉक्टरसाहेब म्हणाले, "अर्धा तास स्वस्थ पडून राहा. मग पुन्हा पाहू."

तो बाकड्यावर आडवा झाला आणि क्षणात घोरू लागला. अर्ध्या तासाने मी उठवायला गेलो, तर डॉक्टरसाहेबांनी मला हाताने थांबविले. इतर रुग्ण त्या दिवशी उभेच राहिले. तो जागा झाला तेव्हा दुपार कलली होती. रक्तदाब अगदी यथास्थित!

"तरीही एखादी गोळी लिहून देऊ का?" डॉक्टरसाहेबांनी विचारले.

"गोळी राहू द्या, साहेब. हे बाकडं कुठं मिळतं तेवढं सांगा."

*

सिल्लोडहून तीन चालक एकाच दिवशी आले. तिघांनाही एकाच कंपनीत जायचे होते. एकेक जण आत येई, अक्षरे वाची आणि ‘चष्म्यासह योग्य’ असा शेरा घेऊन बाहेर जाई. तिसऱ्याच्या वेळी माझे लक्ष गेले. चष्म्याची डावी काडी लाल दोऱ्याने बांधलेली होती. पहिल्या दोघांचीही तशीच होती.

"हा चष्मा आपला आहे काय?" मी विचारले.

"आमचाच आहे, बाबूजी. तिघांचा."

"तिघांचा?"

"घेतला तव्हा तिघांनी घालून बघितला. तिघांनाबी बराबर दिसलं!"

मला हसू आवरेना. डॉक्टरसाहेब मात्र हसले नाहीत. तिन्ही दाखले परत घेत ते म्हणाले, "रस्त्यावर तीन गाड्या एकाच वेळी असतात."

*

कानांच्या तपासणीसाठी डॉक्टरसाहेब चालकाच्या पाठीमागे उभे राहून हळू आवाजात आकडे म्हणत आणि चालकाने ते परत म्हणायचे असत. तीस वर्षे ट्रक चालविलेल्या एका गृहस्थांना एकही आकडा ऐकू येईना. आवाज वाढविला, तरी ते गप्पच.

अचानक ते म्हणाले, "साहेब, खाली कुणाची तरी जीप उभी आहे. तिचा फॅनबेल्ट ढिला झालाय, सांगून या."

मी खाली जाऊन पाहिले. जीप होती. पट्टाही सैल होता! वर येऊन सांगितले, तेव्हा डॉक्टरसाहेबांनी दाखल्याचा कागद बराच वेळ हातात धरून ठेवला. शेवटी म्हणाले, "काका, गाडीला सगळे ऐकू येते तुम्हाला. माणसाने हाक मारली तर?"

ते खालच्या जीपकडेच कान लावून बसले होते. कदाचित त्यांना ते ऐकूच गेले नसावे.

*

आता कादरभाई. आमच्या गल्लीत दुष्काळाची चार वर्षे टँकर आणला तो यांनी. कोणाचा ड्रम अर्धा राहिलेला त्यांना खपत नसे. टँकरचे कंत्राट संपले आणि एका शाळेने त्यांना बोलावले. दाखला त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत पोहोचला नाही, तर जागा दुसऱ्याला मिळणार होती.

"कोणती गाडी?" डॉक्टरसाहेबांनी विचारले.

"इस्कूलची, साहेब. चाळीस लेकरं."

अक्षरांच्या तक्त्यावर सात ओळी होत्या. मी छडीने अक्षर दाखवायचे आणि चालकाने वाचायचे. डॉक्टरसाहेब टेबलाशी आमच्याकडे पाठ करून गुण लिहीत बसत. कादरभाईंच्या डोळ्यांवर जाड चष्मा होता आणि त्याचा नंबर आणखी वाढविता येणार नाही, अशी नेत्रतज्ज्ञांची चिठ्ठी सोबत होती. पाचवी ओळ त्यांनी अडखळत वाचली. सहावीला कपाळावर घाम आला, तरी वाचली.

तोपर्यंत मी कधी एक अक्षर गाळलेले नव्हते. त्या दिवशी मी छडी खाली ठेवली आणि म्हणालो, "झाले, साहेब. सर्व बरोबर."

डॉक्टरसाहेबांनी दाखला पुढे ओढला.

"बाबूजी," कादरभाई म्हणाले, "एक लाइन राहिली."

"झाले सगळे, कादरभाई."

"नाय हो. खाली अजून एक हाय. मला दिसत नाय, पण हाय."

डॉक्टरसाहेबांनी लेखणी खाली ठेवली.

दुसऱ्या दिवसापासून छडी ते स्वतः धरू लागले. कादरभाईंना शाळेने फाटकावर ठेवून घेतले.