घोट्यावरची पांढरी टेप आणि माझा अंदाज

गेल्या महिन्यात मेढ्याजवळच्या एका शेतात, भर दुपारी माझा डावा पाय पुन्हा मुरगळला. हातात मोजणीचं यंत्र होतं. ते तेवढं वर धरलं आणि मी बांधावरून घसरत खाली बसले... यंत्र वाचलं, घोटा टम्म सुजला.

मी जमीन मोजणीच्या नोकरीत आहे. मूळची माधवनगरची. आमच्या सांगलीकडे रान सपाट, इकडे जावळीत पावलापावलाला चढ-उतार. बदली होऊन आल्यापासून दीड वर्षात पाय मुरगळायची ही चौथी वेळ. एक्स-रे दर वेळी नॉर्मल येतो. त्यामुळे "मॅडमचा पाय बरा डोंगरातल्या मोजणीलाच दुखतो" असं ऑफिसात कुणीतरी म्हटलेलं माझ्या कानावर आलं होतं. खरं सांगायचं तर हळूहळू मलाही वाटायला लागलं होतं की आपण उगाच घाबरतो की काय...

ज्यांचं शेत मोजत होते ते हणमंतकाका सत्तरीचे. मी लगेच उठायची धडपड करायला लागले, तर त्यांनी हातानंच थांबवलं. "आवं, बसा जरा. जमीन कुटं पळून जात न्हाई. त्यो पाय दावा आदी कुणाला तरी."

म्हणून पाय टेकवता यायला लागल्यावर साताऱ्यात मृणाल मॅडमकडे गेले. त्या फिजिओथेरपिस्ट, वयानं माझ्याहून लहान. त्यांनी पाय सगळ्या बाजूंनी वळवून पाहिला आणि सांगितलं की वारंवार मुरगळून घोट्याची हाडं धरून ठेवणारे लिगामेंट सैल पडलेत. चालताना पाऊल हवेत असतानाच थोडं आत वळतं आणि बाहेरच्या कडेवर टेकतं. त्या क्षणी खाली खडा आला की संपलं.

मग त्यांनी कपाटातून पांढऱ्या टेपचं रीळ काढलं... आणि माझा चेहरा बदलला.

याआधी एकानं मला चुंबकाचा पट्टा दिला होता. दुसऱ्यानं एक तेल, त्याचा वास आठवडाभर चादरीला येत होता. आता ही चिकटपट्टी. क्रिकेटवाले लावतात म्हणून आपणही लावायची, असंच मला वाटलं.

मॅडमनी माझ्या टाचेवर आणि पोटरीवर पेनानं उभी रेघ ओढली. आधी टेपशिवाय चालायला लावलं, मग टेप लावून, टाचेवरची रेघ टेपवर पुन्हा काढून. मोबाईलवर मागून व्हिडिओ घेतला आणि सावकाश करून दाखवला. टेप नसताना पाऊल टेकायच्या आधी रेघ कलत होती. टेप असताना बरीच सरळ होती.

तरी मला पटेना. मी म्हटलं, "दुसऱ्या वेळी मला माहीत होतं ना टेप लावलीय ते. मी जपूनच चालले असणार."

मला वाटलं, आता या चिडतील. त्या म्हणाल्या, "असू शकतं. मग काय करूया?"

"मला एकदा खोटी टेप लावा. आणि खोटी कुठली ते सांगू नका."

 त्या म्हणाल्या, "चालेल. पण कुठली खरी वाटली ते तुम्ही कागदावर लिहून द्यायचं. मागाहून बदलायचं नाही."

सूज उतरल्यावर दोन वेगवेगळ्या दिवशी गेले. दोन्ही दिवशी टेप सारखीच दिसत होती. एका दिवशी घोटा धरून ठेवेल अशी ताणून लावलेली, एका दिवशी नुसतीच चिकटवलेली. दवाखान्यामागं थोडा उताराचा रस्ता आहे, तिथं चालले आणि मॅडमनी मागून व्हिडिओ घेतला.

पहिल्या दिवशी पाय असा काही घट्ट वाटला की उतारावर मी खालीसुद्धा बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी विशेष काही जाणवलं नाही. कागदावर बिनधास्त लिहिलं... पहिल्या दिवसाची खरी.

मॅडमनी दोन्ही व्हिडिओ शेजारी शेजारी लावले. पहिल्या दिवशीचा पाय जवळजवळ टेप नसल्यासारखाच आत वळत होता. दुसऱ्या दिवशीचा सरळ टेकत होता. पहिल्या दिवसाची टेप खोटी होती.

मी तो व्हिडिओ चार वेळा बघितला. ज्या दिवशी मला सगळ्यात सुरक्षित वाटत होतं, त्याच दिवशी माझा पाय मुरगळायच्या तयारीत होता आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. भीती वाटली... कारण बांधांवर मी रोज याच अंदाजावर चालते. आणि एक ओझंही उतरलं. पाय खरंच वळतो. मी नाटक करत नव्हते.

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "घोटा सैल पडला की पाऊल कसं पडतंय ते नीट कळेनासं होतं. टेप ते सावरते, पण लावलेली असेपर्यंतच. चालून चालून ती सैलही होते. आणि हा एकट्या तुमचा पाय आहे, सगळ्यांचं असंच होईल असं मी म्हणणार नाही. व्यायाम मात्र सुटणार नाही."

तेव्हापासून रोज एका पायावर उभं राहायचा व्यायाम चालू आहे. सुरुवातीला दहा आकडे मोजायच्या आतच भिंत धरावी लागायची. डोंगरातली मोजणी असली की सकाळी टेप लावते, आता माझी मलाच लावता येते.

परवा एका उतारावर पाय कलला... आणि सावरला. टेपमुळे की व्यायामामुळे, ते मला सांगता येणार नाही. मी पुढच्या हद्दीच्या दगडाकडे गेले.

इतक्या दवाखान्यांत फिरले, "विश्वास ठेवा" सगळ्यांनीच सांगितलं. मृणाल मॅडमनी मला माझा संशयच तपासून बघायची संधी दिली. त्यांचे आभार मानायचे राहून गेले होते, म्हणून हे लिहिलं.