नाकाड्या राजासाठी कन्हानपर्यंत

शांताचं कार्ड आलं तेव्हा मी सक्करदऱ्याच्या घरी कणीक मळून राहिली होती. शांता माझी लहान बहीण, कन्हानले दिलेली. लिहिलं होतं, ‘आईचा पुतळ्यांचा हार बुधवारी आटवते. पोरीच्या लग्नाले बांगड्या करायच्या आहेत.’ अन् बुधवार आजच. हात धुतले, निघाली.

सत्तरच्या आसपासचं हे. मी शिकली दुसरी, पण नाद जुन्या सोन्याच्या नाण्यांचा. त्या हारातलं एक नाणं पुतळी नाही, हे मीच ओळखलं. वर लांब नाकाचा राजा. अजब बंगल्यातल्या, म्हणजे म्युझियमातल्या, एका साहेबांनी सांगितलं, स्पेनच्या राजाचं आहे, समुद्रापलीकडच्या त्याच्या मुलखात पाडलेलं. तसली दोन मी सोनाराच्या मोडीतून घेतली होती. हे तिसरं आज मुशीत जाणार होतं.

तुम्हाले जायचं असल तर बर्डीच्या स्टँडवरून बस घ्या, सकाळची. तेव्हा तिकीट रुपयाच्या आत होतं. कामठीजवळ रेल्वेचं फाटक बंद. कोळशाची मालगाडी, डबे सरता सरेनात. शेजारी बसलेल्या बाईनं मिरचीचे गरम भजे दिले, ते हातातच धरून ठेवले. मी उठून उभी.

कंडक्टर म्हणे, “मावशी, तुम्ही उभ्या राहिल्यानं फाटक उघडत नाही.”

सोनाराच्या दुकानात पोहोचली तर शांता समोर बसलेली, अन् सोनार फुंकणीनं निखारे फुलवून राहिला होता. मुशीत पुतळ्या पिवळ्या पाण्यासारख्या.

“नाकाड्या कुठं गेला?”

“हा काय,” सोनारानं चिमट्यात धरून दाखवला. “ओवायच्या कडीचं सोनं हलकं असते, ती आधी तोडतो. याची सुटत नव्हती, म्हणून मागं राहिला. आता टाकतो.”

“थांबा. शांते, मी पैसे देते.”

“पैसे नको दाखवू वं. पोरीच्या नावानं काढलेलं सोनं गुंजभर कमी होऊ देत नाही आपण. आईचाच रिवाज. सोन्याले सोनं दे.”

चिमटा मुशीवर गेलाच होता. मी कानातल्या कुड्या काढल्या. तराजूत टाकल्या, कमी पडल्या. अंगठी टाकली. पारडं बरोबर झालं.

सोनार म्हणे, “बाई, मालक विचारतील.”

“त्यांचं मी पाहून घेते.”

घरी आल्यावर मालकांनी विचारलंच. “कान काहून रिकामे?” मी पदराची गाठ सोडली. त्यांनी नाणं फिरवलं. “तुझ्या राजाच्या टाळूले खोक पडली वं.” कडी तोडल्याचा डाग, तो अजून आहे. घेणारे म्हणतात, त्यानं किंमत उतरते. विकते कोण?

कानाची भोकं बुजू नये म्हणून वर्षभर कडुनिंबाच्या काड्या घालून फिरली. आता शांताची पोरगी भेटली की तिच्या बांगड्यांवरून मी हात फिरवून घेते. माझ्या कुड्या त्यात आहेत. कोणत्या बांगडीत, ते काही समजत नाही. राजाचं नाक मात्र डोळे मिटूनही बोटाले लागते.