पायाखालची नावं
विझलेल्या मेणबत्तीचा वास आला की मला ब्रिस्टलच्या भर बाजारातलं ते मध्ययुगीन चर्च आठवतं. इकडे पहिल्यांदाच आलेल्या आईने सवयीने दारातच बूट काढले आणि ती मोज्यांवर आत शिरली. आत दगडांचा गारवा, मेणाचा वास आणि रंगीत काचांतून फरशीवर सांडलेला निळा-तांबडा उजेड. त्या उजेडात पायाखाली कोरलेली नावं पाहून तिने विचारलं, "हे काय गं?" "थडगी आहेत, आई." तिने चटकन पाय उचलला, कुणाला चुकून पाय लागल्यावर करतो तसा वाकून दगडाला नमस्कार केला आणि एकेक नाव चुकवत कडेकडेने चालू लागली. "विचार ना त्या बाईंना, असं तुडवलेलं चालतं?" तिथल्या वयस्कर व्हॉलंटियर बाई हसून म्हणाल्या, यातल्या काहींनी मुद्दाम वाटेतली जागा मागितली होती, येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय लागावेत म्हणून. मी ते मराठीत सांगितलं. "अगंबाई, पंढरपुरात देवळाच्या पायरीखाली संत आहेत, तसंच की!" म्हणत आई थेट दाराशी परतली आणि चुकवलेल्या प्रत्येक नावावर हलकेच पाय ठेवत आली. परवा लंच ब्रेकमध्ये मी एकटीच तिथे गेले. कोपऱ्यातल्या एका दगडावरची अक्षरं अजून ठसठशीत होती, म्हणजे तिकडे फारसं कुणी फिरकत नसावं. मी बूट काढले आणि त्यावर जरा वेळ उभी राहिले.