विरोधात पडलेलं मत

आखातातल्या आमच्या युनिव्हर्सिटीत दरवर्षी पदवीच्या एका विद्यार्थ्याला अमेरिकेच्या राजकारणावर संशोधन करायला ग्रँट मिळायची. उन्हाळ्यात सहा आठवडे वॉशिंग्टन. तिसऱ्या वर्षी त्या ग्रँटच्या प्रस्तावासाठी मी सगळा हिवाळा लायब्ररीत काढला. सिनेटर आपल्या मताचं कारण मतदारांना काय सांगतात, हा विषय.

माझ्या रूममेटचं इंग्रजी सफाईदार, म्हणून मसुदा तिला तपासायला दिला. तिने तो माझ्याआधी, स्वतःच्या नावाने भरला. प्राथमिक यादीत तिचं नाव लागलं. माझा अर्ज 'विषय सारखाच' म्हणून बाद झाला.

विचारलं तर म्हणाली, "आपण मिळूनच डिस्कस केलं होतं ना?"

मी तक्रार करणार होते. पण तिचे वडील तिथून दोन तासांवरच्या फुजैराच्या तेलाच्या टर्मिनलवर मॅनेजर, आणि माझे अब्बा त्यांच्या हाताखाली फोरमन. अब्बा फोनवर म्हणाले, "माझा व्हिसा रिन्यूअलला आलाय. शिफारस त्यांचीच लागते. खलास, विषय सोड."

मी तोंडाने सोडला.

पुढच्याच महिन्यात एका पुस्तकात मला माझी चूक सापडली. सिनेटमधल्या बहुमतवाल्या पक्षाच्या नेत्याने स्वतःच पुढे रेटलेल्या विधेयकाच्या विरोधात मत दिलं, हे माझं सगळ्यात लाडकं उदाहरण. मी त्याला दगाबाजी म्हटलं होतं. खरं तर विधेयक अडकतंय असं दिसलं की नेता मुद्दाम विरोधात मत देतो. फेरमतदान मागायचा हक्क जिंकलेल्या बाजूने मत देणाऱ्यालाच असतो, म्हणून.

तिला सांगायला एक वाक्य पुरलं असतं. आमचे पलंग हातभर अंतरावर होते. ती आरशासमोर भाषणाची प्रॅक्टिस करायची तेव्हा उलट मीच म्हणाले, "ते दगाबाजीचं उदाहरण पहिलं घे. भारी आहे."

अंतिम मंजुरीआधी कमिटीसमोर भाषण असायचं. हॉल भरला होता. तिने ते पहिलंच घेतलं. प्रश्नांची वेळ आली तशी मी हात वर केला आणि अगदी नम्रपणे विचारलं, "त्याच नेत्याने नंतर हेच विधेयक पुन्हा मतदानाला कसं आणलं?"

तिला नियमच माहीत नव्हता. कमिटीतल्या प्रोफेसरांनी चष्मा काढला. "हे उदाहरण तुला कुठे मिळालं?" ती हातातले कागद चाळू लागली. त्यांनी आणखी चार प्रश्न विचारले, सगळे माझ्या मसुद्यातले. एकाचंही उत्तर तिला देता आलं नाही. त्या वर्षी ग्रँट कुणालाच मिळाली नाही.

खोलीवर आल्यावर तिने विचारलं, "तुला आधीपासून माहीत होतं?"

"हो."

"मग सांगितलं का नाहीस?"

"मसुदा भरताना तू मला कुठे विचारलंस?"

ती त्याच आठवड्यात दुसऱ्या खोलीत गेली. अब्बांचा व्हिसा रिन्यू झाला. पुढच्या वर्षी चूक सुधारून मी तोच प्रस्ताव भरला आणि वॉशिंग्टनला जाऊन आले.

पण त्याआधी, भाषण झालं त्याच वीकेंडला, अब्बा मला न्यायला आले होते. गाडीत मी त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "हे बरं नाही केलंस." मग त्यांनी रेडिओ लावला. मला वाईट वाटायला हवं होतं. मला मात्र कडकडून भूक लागली होती.