पोपटी कावीळ

माझ्या पोटात जिआर्डिया नावाचा जंतू आहे, असं दारव्ह्याच्या डॉक्टरबाईंनी सांगितलं, तेव्हा मी विचारलं, "मॅडम, तो बाहेरून दिसतो का?"

(मी बोरी अरबला राहतो आणि शाळेत विज्ञान शिकवतो. उगाच नंतर कळण्यापेक्षा इथेच सांगून टाकलेलं बरं!)

हा पाहुणा पोटात आला शेतातल्या रोडग्यांच्या जेवणात. माझी बायको सुनंदा म्हणत होती, "आवो, नाल्याचं पाणी पिऊ नोका. घरून कॅन आणली हाय ना!"

"अगं, हेच पाणी पिऊन लहानाचा मोठा झालो!" म्हणत मी तांब्याभर प्यालो. त्यानंतर पोट असं काही बिघडलं, की तास संपण्याआधी मीच वर्गातून पळू लागलो. पोरं खुश, मी हवालदिल.

डॉक्टरबाईंनी गोळ्या लिहून दिल्या. म्हणाल्या, "हा एकपेशीय जीव आतड्याला चिकटून बसतो. या गोळीने त्याची ताकद बनवायची यंत्रणाच बंद पडते. मग पकड सुटते आणि तो बाहेर पडतो. जेवणानंतरच घ्यायची आणि कोर्स अर्धवट सोडायचा नाही. आणि हो, महत्त्वाचं म्हणजे..."

तेवढ्यात मला हेडमास्तरांचा फोन आला. मी बाईंना खुणेनेच "हो, हो" म्हटलं आणि बाहेर पडलो. ते महत्त्वाचं तिथेच राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लघवीला गेलो आणि किंचाळलो. रंग पोपटी! साधा पिवळा नाही हो, चांगला चकचकीत, हिरवट पोपटी!

"सुनंदा! मला काहीतरी झालंय!"

"काय झालं? साप हाय काय आत?"

साप परवडला असता. मी रंग सांगितला. तिनं मला हाताला धरून अंगणात ओढलं, पापणी खाली खेचली आणि मटकन ओट्यावर बसली. "आवो, डोळे पिवळेजर्द हायेत तुमचे! कावीळच हाय ही!"

(आम्ही उभे होतो ते तुरीच्या ढिगावर मांडवासारख्या बांधलेल्या पिवळ्या ताडपत्रीखाली. त्या उजेडात आमची म्हैससुद्धा पिवळी दिसत होती. पण म्हशीकडे कोण बघतो?)

शेजारून माझा मोठा भाऊ, दादा, धावत आला. "तुले म्या सांगतलं होतं, पोटाच्या आजाराले इतक्या कडक गोळ्या खाऊ नोको! त्याच गोळ्याईनं तुह्यं लिवर खाल्लं!" त्यानं लगेच घराचा ताबा घेतला. हळद बंद, तेल बंद, फोडणी बंद. नुसता भात आणि उसाचा रस.

मग भेटायला माणसं येऊ लागली. नामदेवकाका खाटेशेजारी बसले आणि सुस्कारा टाकून म्हणाले, "आमच्या मामेसासऱ्यालेबी असंच झालतं."

"मग?" मी उठून बसलो.

"मंग काय? त्याईच्या तेरवीले तूच तं आलता!"

समोर गोळी, शेजारी पाण्याचा पेला. घ्यावी तर लिव्हर जाणार, न घ्यावी तर ते जंतू परत आतड्याला घट्ट धरणार. पोरगी नागपूरला शिकते. तिचं लग्न मला दिसणार की नाही? तिला फोन लावला आणि "आईला सांभाळ" एवढंच बोलून रडलो. ती पलीकडून ओरडली, "बाबा, आधी डॉक्टरकडे जा!" हे आमच्यापैकी कोणालाच सुचलं नव्हतं!

ऑटोत आम्ही तिघं. दादाच्या पिशवीत दोन बाटल्या होत्या. एकीत वाटेत प्यायला उसाचा रस, दुसरीत तपासणीसाठी माझा नमुना. दवाखान्यात शिरताना दादानं एक बाटली मला दिली आणि तो बाहेर बाकावर टेकला. मी ती लॅबवाल्याला दिली.

थोड्या वेळानं लॅबवाला घाबऱ्या चेहऱ्यानं आला. "सर, साखर एवढी आहे, की पट्टीचा रंगच संपला! तुम्ही उभे कसे आहात?"

हे ऐकल्यावर उभा नव्हतोच. खुर्चीत कोसळलो. सुनंदा मला पदरानं वारा घालत म्हणाली, "कावीळ काय कमी होती म्हणून शुगरबी आणली काय?"

डॉक्टरबाईंनी बाटली उचलली, नाकाजवळ नेली आणि शांतपणे विचारलं, "यात आलं कोणी टाकलं?"

"म्याच टाकलं," सुनंदा म्हणाली. "त्याबिगर रस याईले आवडत..."

मी तिच्याकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. म्हणजे दुसरी बाटली...

"दादाऽऽ!"

मरणाच्या दारातला माणूस एवढा जोरात पळतो, हे त्या दवाखान्यानं पहिल्यांदाच पाहिलं असेल. दादानं झाकण उघडलं होतं, मान वर केली होती आणि बाटली ओठांपासून बोटभर दूर होती. मी झडप घातली. अर्धा ऐवज त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर सांडला.

"काहून बे, तहानलेल्या माणसाच्या तोंडचा रस हिसकावतं काय!" दादा खवळला. मी कानात कारण सांगितलं. त्यानंतर तो जो नळाखाली बसला, तो आम्ही निघेपर्यंत उठला नाही.

उरलेल्या अर्ध्याची तपासणी झाली. रक्तही घेतलं. कावीळ नाही, साखर नाही.

"या गोळीनं लघवीचा रंग हिरवट-पिवळा होऊ शकतो," डॉक्टरबाई म्हणाल्या. "गोळ्या संपल्या की जातो. तेच तर त्या दिवशी सांगत होते, तुम्ही फोनवर होता. आता जेवा आणि राहिलेल्या गोळ्या पूर्ण करा."

परत येताना ऑटोत दादा माझ्याकडे पाठ करून ओला सदरा पिळत बसला. वातावरण हलकं करायला मी म्हणालो, "चला, पोटापासून रक्तापर्यंत सगळं तपासून झालं. फक्त माझं डोकं तेवढं तपासायचं राहिलं."

सुनंदा बाहेरची कपाशी बघत म्हणाली, "ते कायले तपासता? त्याचा रिपोर्ट तं मले लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी भेटलता!"