छत्तीस फोटोंतला साहेब

खैरलांजीकडच्या आमच्या पडीत रानात बिबट परतलाय, हे मोहफुलं वेचणाऱ्या आईनं ठसे पाहून केव्हाच सांगितलं होतं. नागपूरहून आलेल्या त्या टोपीवाल्या साहेबाला मात्र फोटोच हवा होता. समोर काही हाललं की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा त्यानं मोहाच्या झाडाला बांधला. सेल वाचावेत म्हणून संध्याकाळी तो बंद करायचा आणि सकाळी चालू करून, चालतोय का हे बघायला स्वतःच समोर उभा राहायचा. रोल धुऊन आला, तर छत्तीसही फोटोंत टोपी सावरणारा हाच दीडशहाणा! तरी म्हणतो कसा, "इथं बिबट नाहीच."

आईनं एका फोटोवर बोट ठेवलं. "तुमच्या बुटापाशी धुळीत हा पंजा उमटला, तो काय माहा हाय, साहेब?"